वडिलांच्या कपाटातल्या लेन्स जीएफएक्सवर चालतील का?

अंबाजोगाईच्या एका तरुण फोटोग्राफरचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांचा स्टुडिओ बंद झाल्यावर कपाटात चार लेन्स निघाल्या. निक्कोर १०५ मिमी एफ/२.५, मामिया ६४५ ची ८० मिमी एफ/२.८, झेनिट कॅमेऱ्यासोबतची हेलिओस ४४-२ आणि सुपर ताकुमार ५० मिमी एफ/१.४. स्वतः त्यांनी फुजीफिल्म जीएफएक्स ५० आर हा मोठ्या सेन्सरचा डिजिटल कॅमेरा सेकंडहँड घेतला आहे, पण त्याच्या मूळ जीएफ लेन्ससाठी सध्या पैसे नाहीत. बारवा, जुनी मंदिरं आणि पैठणचे माग टिपायचे आहेत. या लेन्स चालतील का, आणि ऑनलाइन मिळणारा स्वस्तातला ॲडॅप्टर पुरेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: चारही चालतील. दुसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ द्यावा लागेल. गेली कित्येक वर्षं मी मराठवाड्यातली लेणी, किल्ले आणि मंदिरं जुन्या लेन्सनी टिपतोय आणि माझं नुकसान काचेनं कधी फारसं केलं नाही. जे केलं ते काच आणि सेन्सर यांच्यामधल्या पोकळ नळीनं केलं. त्यामुळे लेन्स कुठली या विचाराइतकाच विचार ॲडॅप्टरचा करा.

आधी अंतराचं गणित. प्रत्येक माउंटला, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडायच्या पद्धतीला, लेन्सच्या बैठकीपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. जीएफएक्सचं ते २६.७ मिमी आहे. निकॉन एफचं (तुमच्या निक्कोरचं) ४६.५, एम४२ चं (हेलिओस आणि ताकुमारचं) ४५.४६, कॅननच्या ईएफचं ४४, मामिया ६४५ चं ६३.३, हॅसलब्लाडच्या जुन्या व्ही माउंटचं ७४.९ आणि पेंटॅक्स ६७ चं जवळपास ८५. ही सगळी अंतरं २६.७ पेक्षा मोठी आहेत. राहिलेली जागा भरायला मधे नळी बसते आणि तोच ॲडॅप्टर. त्यात काच नसते. तुमच्या निक्कोरसाठी ही नळी १९.८ मिमीची लागेल, मामियासाठी ३६.६ मिमीची.

दुसरी गोष्ट इमेज सर्कल, म्हणजे लेन्स मागे पाडते त्या गोल प्रतिमेचा आकार. जीएफएक्सचा सेन्सर ४३.८ × ३२.९ मिमीचा आहे, कर्ण जवळपास ५४.८ मिमी. पस्तीस मिमीच्या फिल्मचा कर्ण ४३.३. मामियाची लेन्स ६४५ फिल्मसाठी बनलेली असल्यामुळे तिचं वर्तुळ ७० मिमीच्या आसपास असतं, तिथे प्रश्नच येत नाही. बाकीच्या तीन पस्तीस मिमीसाठीच्या. त्या मोठा सेन्सर झाकतील अशी हमी बनवणाऱ्यानं कधी दिलेली नाही. तरीही बऱ्याच झाकतात. ८५ मिमी आणि त्यापुढच्या लेन्स साधारण निभावतात, ५० च्या आसपासच्यांचं लेन्सगणिक बदलतं आणि पस्तीस मिमीसाठीच्या वाइड लेन्स बहुतेक वेळा कोपरे काळे करतात.

हे तपासताना अनेकजण फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो. घरात दोन मीटरवरच्या भिंतीवर फोकस करून कोपरे पाहू नका. जवळ फोकस करताना लेन्स पुढे सरकते आणि तिचं वर्तुळ मोठं होतं, कोपरे स्वच्छ दिसतात. मग गडावर जाऊन लांबचा देखावा घेतला की तेच कोपरे काळे. ॲपर्चरचंही, म्हणजे लेन्समधल्या प्रकाशाच्या छिद्राचंही, असंच आहे. मोकळ्या ॲपर्चरला काळेपणा हळूहळू विरत जातो आणि डोळ्यांना खपतो. एफ/११ ला, म्हणजे छिद्र बारीक केल्यावर, त्याच वर्तुळाची कड कापल्यासारखी स्पष्ट होते. म्हणून चाचणी घ्यायची ती अनंतावर, म्हणजे सर्वात लांब, फोकस ठेवून, एफ/११ वर, स्वच्छ आकाशाकडे. पुढचा फिल्टर आणि जुनं अरुंद हूड काढून. पुष्कळदा दोष लेन्सचा नसतोच, फिल्टरच्या जाड कडेचा असतो.

कोपरे काळे आले तर लेन्स फेकायची गरज नाही. चौकोनी फ्रेम घेतलीत तर ३२.९ च्या चौकोनाचा कर्ण ४६.५ मिमी येतो, म्हणजे पस्तीस मिमीच्या कर्णापेक्षा फक्त तीन मिमी जास्त. बहुतेक पन्नासच्या लेन्स तिथे सहज बसतात. कॅमेऱ्यातल्या ६५:२४ या लांबट फ्रेमचा कर्णही ४६.७ च्या आसपासच येतो. बारवेच्या पायऱ्यांच्या ओळींना ही लांबट फ्रेम फार शोभते. अगदीच अडलं तर सेन्सरचा फक्त मधला भाग वापरणारा ३५ मिमी मोड आहे, त्यात ५१ मेगापिक्सेलमधले सुमारे ३० उरतात.

आता मूळ मुद्दा. ॲडॅप्टरच्या दोन्ही बैठका एकमेकींना समांतर हव्यात. सांगायला सोपं, पण किती समांतर? जीएफएक्स ५० आरच्या एका पिक्सेलची रुंदी सुमारे ५.३ मायक्रॉन. त्या हिशेबानं एफ/२.८ वर सेन्सरपाशी फोकसला मिळणारी एकूण सूट ०.०३ मिमी येते, एफ/४ वर ०.०४, एफ/८ वर ०.०८५. ॲडॅप्टरची एक बाजू दुसरीपेक्षा ०.०५ मिमी जाड असेल तर एफ/८ ला ते लपून राहील आणि एफ/२.८ ला चित्राची एक बाजू मऊ पडेल. हीच लेन्स फिल्मवर वडिलांनी वापरली तेव्हा हा प्रश्न आला नव्हता. एक तर तिथे ॲडॅप्टरच नव्हता, आणि फिल्म स्वतः इतकी सपाट कधी नसते.

मी हे शिकलो औंढा नागनाथला. मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवरच्या शिल्पपट्ट्या सकाळच्या तिरप्या उन्हात हातात कॅमेरा धरून, एफ/४ वर घेतल्या. घरी येऊन पाहतो तर प्रत्येक चित्राचा उजवा तृतीयांश मऊ. मी लेन्सला दोष दिला. ती दुरुस्तीला पाठवली, काही दोष नाही म्हणून ती परत आली. पुन्हा दोन महिने मी तिच्यावर राग धरून बसलो. मग एक दिवस त्याच ॲडॅप्टरवर दुसरी लेन्स लावली आणि तीही उजवीकडेच मऊ आली. वाळूजच्या एका लेथवाल्याकडे ॲडॅप्टर नेला. त्यानं मायक्रोमीटरनं चार ठिकाणी जाडी मोजली, समोरासमोरच्या दोन जागांत ०.०७ मिमीचा फरक निघाला. तेव्हापासून नवा ॲडॅप्टर आला की आधी लेथवाला, मग कॅमेरा. तुमच्याकडे एमआयडीसीत किंवा बाजारपेठेत मोटारीच्या इंजिनाचं काम करणारा कोणी असेलच. मायक्रोमीटर त्याच्याकडे असतो आणि मोजायला पाच मिनिटं पुरतात.

कॅमेऱ्यावरही चाचणी घेता येते. सपाट माळावर जा, दूरचा मोबाइल टॉवर निवडा. ट्रायपॉडवर कॅमेरा लावून, लेन्स पूर्ण मोकळी ठेवून, टॉवर मधोमध घ्या आणि मोठा करून फोकस जुळवा. फोकसच्या रिंगला हात न लावता टॉवर डाव्या कडेला आणा, चित्र घ्या. उजव्या कडेला आणा, चित्र घ्या. दोन्ही कडा सारख्याच मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. एकच मऊ असेल तर दुसरी लेन्स त्याच ॲडॅप्टरवर लावून तेच करा. बाजू तीच राहिली तर दोष ॲडॅप्टरचा, बदलली तर लेन्सचा. उन्हाळ्यात ही चाचणी सूर्योदयानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात उरकायची. नऊ वाजले की माळावरची हवा तापून थरथरते आणि कुठलीच कड धारदार दिसत नाही.

ॲडॅप्टरच्या एकूण जाडीचंही बघा. ५० मिमीची लेन्स ०.१ मिमी जास्त पुढे बसली तर तिचा सर्वात लांबचा फोकस जेमतेम २५ मीटरवर अडकतो. १०५ ला तीच चूक ११० मीटरवर अडकवते. हे टाळायला ॲडॅप्टर बनवणारे तो मुद्दाम किंचित पातळ ठेवतात. त्यामुळे अनंताचा फोकस लेन्सवरच्या खुणेच्या थोडा आधी लागतो आणि रिंग त्यापुढेही फिरते. यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त लेन्सवरचे मीटरचे आकडे पाहून फोकस करायची सवय सोडा. पातळपणा फार झाला तर मात्र काही लेन्सना त्रास होतो. ज्यांच्या आतली काच फोकसबरोबर वेगळी सरकते, त्या लेन्स कोपऱ्यांत बिघडतात.

आणि नळीची आतली बाजू! मामियाचं वर्तुळ सेन्सरपेक्षा खूप मोठं. जास्तीचा प्रकाश नळीच्या भिंतींवर आदळून परत सेन्सरवर येतो. आपल्याकडचं दृश्य आठवा: काळा बेसॉल्ट आणि वर पांढरं पडलेलं आकाश. स्वस्त ॲडॅप्टरची आतली बाजू चकचकीत असेल तर दगडाचा काळा रंग राखाडी होतो, कोरीव कामातली खोली निघून जाते आणि आपण म्हणत बसतो की जुनी लेन्स मंद आहे. लेन्स काढा, ॲडॅप्टर खिडकीकडे धरून तिरकं पाहा. चमक दिसली तर आत काळं मखमली चिकटकापड लावा. धागे सुटणार नाहीत याची काळजी घ्या, नाहीतर ते सेन्सरवर जाऊन बसतील. मामियावर खोल हूड नेहमी ठेवा.

थोडक्यात, स्वस्तातला ॲडॅप्टर घ्यायला माझी हरकत नाही, मोजून घ्यायची तयारी असेल तर. परत करायची मुदत संपायच्या आत मोजा. चारही लेन्ससाठी मिळून एकाच खोक्यात येणारे, एकावर एक बसवायचे ॲडॅप्टर मात्र टाळा. प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई असते आणि ती एकमेकीत मिळत जाते.

लेन्सनिहाय बोलू. जीएफएक्सवर कोनाचा हिशेब ०.७९ नं गुणून करायचा, म्हणजे फुल फ्रेमच्या (पस्तीस मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) भाषेत १०५ ची ८३ होते, ८० ची ६३, ५८ ची ४६ आणि ५० ची साधारण ४०. निक्कोर १०५ ही तुमच्या कपाटातली सर्वात मोलाची लेन्स. ती हा सेन्सर झाकते आणि एफ/५.६ ला शिल्पाच्या बोटांची नखंही मोजता येतील इतकी स्वच्छ असते. अंबाजोगाईच्या बाराखांबी मंदिराच्या खांबांवरचं काम तिनंच घ्या. मामिया ८० ही तुमची रोजची लेन्स होईल. तिच्या अंगावर ए आणि एम असा खटका असेल, तो एम वर ठेवल्याशिवाय ॲपर्चर बंद होणार नाही. पहिल्या दिवशी हे माहीत नसल्यानं लेन्स बिघडली समजून परत कपाटात ठेवणारे मी पाहिले आहेत.

हेलिओस ४४-२ मध्ये ॲपर्चरच्या दोन रिंग आहेत, एकीनं आकडा ठरवायचा आणि दुसरीनं प्रत्यक्ष बंद करायचं. तिची मागची धूसर पार्श्वभूमी गोल फिरल्यासारखी दिसते. मोठ्या सेन्सरवर कडेचा भाग जास्त येतो, त्यामुळे हे फिरणंही जास्त दिसतं. कडुलिंबाखाली बसलेल्या आजीचं चित्र घ्यायला ती सुंदर आहे. सरळ रेषांच्या मंदिराला तिच्यापुढे उभं करू नका.

ताकुमार ५० एफ/१.४ काढून पांढऱ्या कागदावर धरा. कागद चहासारखा पिवळा दिसला तर तिच्या काचेत थोरियम आहे. हे त्या लेन्सच्या सात काचांच्या आवृत्तीत येतं. किरणोत्सर्ग अल्प असतो, वापरायला हरकत नाही. फक्त उशाशी ठेवून झोपू नका आणि मागची काच डोळ्याला लावून बसू नका. पिवळेपणा अतिनील प्रकाशानं हळूहळू जातो. खिडकीत, मागे ॲल्युमिनियमची फॉइल ठेवून काही आठवडे ऊन द्या, म्हणजे आत गेलेला प्रकाश परतूनही काम करतो. पण हे काम डिसेंबर-जानेवारीत करा. मे महिन्याच्या आपल्या उन्हात आतलं ग्रीस पातळ होऊन ॲपर्चरच्या पात्यांवर उतरेल. शिवाय उघडी लेन्स म्हणजे भिंग आहे, पडद्याला आग लागू शकते. फॉइल त्यासाठीही हवी.

कॅमेऱ्याच्या मेन्यूत "लेन्सशिवाय शूट" हा पर्याय चालू करा, नाहीतर शटर दबणारच नाही. ५० आर मध्ये हात हलण्यावर उपाय करणारी यंत्रणा नाही. १०५ ला हातात धरून १/२५० पेक्षा मंद जाऊ नका, मी तर १/५०० वर ठेवतो. ट्रायपॉडवर शटरचा 'इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन' हा पर्याय वापरा, धक्का कमी बसतो. फोकस पीकिंगवर, म्हणजे फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीवर, विसंबू नका. चित्र मोठं करा आणि ज्या ॲपर्चरला घ्यायचं त्याच ॲपर्चरला फोकस जुळवा. काही जुन्या लेन्समध्ये ॲपर्चर बंद करताना फोकस किंचित सरकतो.

पैठणच्या मागांसाठी एक इशारा. तिथे विणकर बहुधा ट्यूब किंवा एलईडीखाली बसतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे असे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर या सेन्सरवर संथ वाचतं. त्यात जरीवर आडवे पट्टे येतील आणि धोटा फेकणारा हात वाकडा दिसेल. यांत्रिक शटर आणि १/१०० किंवा १/५० वापरा. याच कारणासाठी, जुन्या लेन्स वापरायच्या असतील तर हॅसलब्लाडच्या एक्स१डी या कॅमेऱ्याचा मोह मी टाळायला सांगतो. त्याच्या बॉडीत पडद्याचं शटरच नाही, ते त्याच्या स्वतःच्या लेन्समध्ये असतं. दुसरी लेन्स लावली की फक्त इलेक्ट्रॉनिक शटर उरतं. दगड हलत नाही, माणूस हलतो.

तुमच्या यादीत बारवा आहेत आणि खरी अडचण तिथे आहे. चारही लेन्समध्ये एकही वाइड नाही. पस्तीस मिमीसाठीची २४ किंवा २८ घेऊन ॲडॅप्टरवर लावायचा विचार मनात येईल, तो सोडा. मामिया ६४५ ची ४५ मिमी एफ/२.८ किंवा ३५ मिमी एफ/३.५ शोधा, ॲडॅप्टर तुमच्याकडे असेलच. फुल फ्रेमच्या भाषेत त्या ३५ आणि २८ सारख्या पडतात. पुढे पैसे जमले तर कॅननची टीएस-ई २४ मिमी, दुसरी आवृत्ती, म्हणजे कॅमेरा न हलवता वर-खाली सरकवता येणारी लेन्स. तिचं इमेज सर्कल ६७.२ मिमी आहे. आडवा कॅमेरा ठेवून तुम्ही तिला सुमारे ९ मिमी वर-खाली सरकवू शकता, उभ्या कॅमेऱ्यात साधारण ७.४ मिमी. म्हणजे बारवेच्या काठावर उभं राहून कॅमेरा खाली न झुकवता तळातलं पाणी फ्रेममध्ये आणता येतं, आणि भिंती एकमेकींकडे कलत नाहीत. वेरूळच्या कैलासासमोर उभं राहिलात तर उलट दिशेनं हेच लागतं. तिचं ॲपर्चर विजेवर चालतं, त्यामुळे तिला संपर्कबिंदू असलेला महागडा ॲडॅप्टर लागेल. तिथे काटकसर करू नका. आणि हो, वेरूळ-अजिंठ्याला ट्रायपॉडसाठी पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी आधी काढावी लागते, अजिंठ्याच्या चित्रांसमोर फ्लॅश चालत नाही.

शेवटी बुरशी. वडिलांच्या लेन्स चामड्याच्या डब्यांत असतील तर आजच बाहेर काढा. चामडं ओल धरून ठेवतं. मराठवाडा कोरडा म्हणून आपण निर्धास्त असतो, पण पावसाळ्याचे चार महिने बंद ट्रंकेतल्या चामड्याला पुरतात. मोबाइलचा टॉर्च एका बाजूनं लावून दुसऱ्या बाजूनं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती लेन्स बाकीच्यांपासून वेगळी ठेवा आणि जाणत्या माणसाकडून साफ करून घ्या, स्वतः उघडू नका. थोडी बुरशी चित्रात दिसत नाही, पण काचेवरचं कोटिंग खात राहते. बाकीच्या लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि छोट्या आर्द्रतामापकासोबत ठेवा. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे असू द्या.

सुरुवात निक्कोरच्या ॲडॅप्टरनं करा, एकच मागवा. मोजून घ्या, टॉवरची चाचणी करा आणि पहिले आठ दिवस बाराखांबीच्या खांबांपाशी काढा. तोपर्यंत मामियाच्या मागच्या काचेवरची धूळ ब्लोअरनं उडवून ठेवा. दुसरा ॲडॅप्टर तिचा.